पोटात बाळ असताना घर, हवा, पाणी कसं तपासायचं: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

"ताई, रात्री वायफाय बंद करून झोपू का?" कळव्याहून धाकट्या जावेचा फोन होता. तिला नुकताच चौथा महिना लागला होता. मी म्हटलं, वायफायचं राहू दे, तुमचा गीझर गॅसचा की विजेचा? गॅसचा. बाथरूममध्येच? हो. खिडकी? आहे, पण समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं म्हणून बंदच असते. आंघोळ झाल्यावर डोकं दुखतं का? ती क्षणभर गप्प राहिली. "दुखतं. गरगरतंही. मला वाटलं, दिवस गेलेत म्हणून होत असेल."

त्याच संध्याकाळी दिराने गीझर बंद केला आणि चार दिवसांत तिची डोकेदुखी थांबली.

रबाळ्याच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं काम केलं. माझी दोन्ही बाळंतपणं त्याच काळातली. मी डॉक्टर नाही, तेव्हा इथलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका. पण रसायनांसोबत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली. पदार्थाचं नाव किती भीतीदायक आहे यावर धोका ठरत नाही. तो तुमच्या किती जवळ आहे, बंद जागेत आहे का आणि रोज किती वेळ अंगावर येतो, यावर ठरतो. म्हणून खालचा क्रम मी घराच्या आतून बाहेर असा लावला आहे. सगळं एका दिवसात करायचं नाही. रोज एकेक पायरी घ्या.

सुरुवात कधी करायची

शक्य असेल तर दिवस राहण्याआधी. गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी मिटून पूर्ण होते आणि तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. फॉलिक ॲसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरवल्या दिवसापासून घ्यायला सांगतात ती याचसाठी. पहिल्या तीन महिन्यांत अवयवांची घडण होते, पण मेंदूची वाढ शेवटपर्यंत आणि जन्मानंतरही चालू राहते. त्यामुळे "आता पाचवा महिना लागला, आता कशाला" असं म्हणून सोडून देऊ नका. आणि आधी काही होऊन गेलं असेल, घराला रंग दिला असेल किंवा एक्स-रे काढला असेल, तर तारखेसह कागदावर लिहून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. मनात कुढत बसण्यापेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडतो.

पहिली पायरी: घरातला धूर आणि गॅस

सगळ्यात आधी गीझर. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आईच्या रक्तातून तो बाळाकडे जातो. बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईपेक्षा वर चढतं आणि उतरायलाही जास्त वेळ लागतो, म्हणजे आई सावरली तरी बाळ सावरलेलं असेलच असं नाही. त्याची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, थकवा. हीच लक्षणं गर्भारपणाचीही असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. एक खूण लक्षात ठेवा: त्रास आंघोळीनंतर किंवा स्वयंपाकघरातच होत असेल आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर कमी होत असेल, तर गीझरवर संशय घ्या.

शक्य असेल तर विजेचा गीझर बसवा. गॅसचाच ठेवायचा असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी हवा आणि त्याचा धूर पाइपने घराबाहेर जायला हवा. भाड्याच्या घरात हे लगेच जमत नसेल तर आजपासून एवढं करा: खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्या, गीझर बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग आंघोळीला जा. आत असताना गीझर चालू ठेवायचा नाही. चक्कर आलीच तर मोकळ्या हवेत या आणि दवाखान्यात जाऊन "गरोदर आहे, घरात गॅसचा गीझर आहे" हे दोन्ही आपणहून सांगा. बरं वाटलं तरी जा, कारण गर्भवतीला ऑक्सिजन जास्त वेळ द्यावा लागतो.

मग कॉइल. खाडीकाठच्या आपल्या शहरांत डास आहेतच, त्यामुळे कॉइल लावणाऱ्यांना दोष देत नाही. पण बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण शंभरेक सिगारेटींच्या धुराइतके असू शकतात, असं मोजमाप झालेलं आहे. त्याऐवजी खिडक्यांना जाळ्या आणि पलंगाला मच्छरदाणी. तेही पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून अंगाला लावायचं मलम. उदबत्ती, धूप, कापूर यांबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका. देवघराची खिडकी उघडी ठेवा, धूप ओसरेपर्यंत तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा आणि संध्याकाळी तुपाचं निरांजन लावा. माझ्या घरी एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

तंबाखूबद्दल मात्र मध्यममार्ग नाही. नवरा गॅलरीत जाऊन सिगारेट ओढत असेल तरी धूर आत येतो, कपड्यांवर बसतो. आणि आपल्याकडे घरातल्या बायका ज्याबद्दल बोलत नाहीत ती मिश्री. कित्येकींना ती दात घासायची पूडच वाटते, पण ती भाजलेली तंबाखू आहे. हिरड्यांतून निकोटीन थेट रक्तात जातं. कमी वजनाचं बाळ, वेळेआधी प्रसूती, पोटात बाळ दगावणं या सगळ्यांशी तिचा संबंध आहे. एकदम सुटत नसेल तर लाजू नका, १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.

दुसरी पायरी: शिसं

माझ्या मते आपल्याकडे सर्वात कमी बोललं जाणारं विष हेच. शिशाची सुरक्षित अशी पातळी अजून कुणाला सापडलेली नाही. ते वार (गर्भाशयाला चिकटलेली, नाळेने बाळाला जोडलेली) पार करून बाळाच्या मेंदूपर्यंत जातं. शिवाय पूर्वी कधी शरीरात गेलेलं शिसं हाडांत साठून राहतं आणि गरोदरपणात बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम निघायला लागलं की सोबत तेही रक्तात उतरतं. म्हणून कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. लोह कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषून घेतं. नाचणी, तीळ, दूध, दही रोजच्या जेवणात ठेवा.

घरात ते कुठून येतं? पहिली जागा म्हणजे जुना रंग. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या भिंती, दरवाजे आणि विशेषतः खिडक्यांचे ग्रिल संशयास्पद समजा. वाशी, नेरूळ, कोपरखैरण्यातल्या सिडकोच्या जुन्या इमारतींत आणि ठाण्यातल्या नौपाडा-पाचपाखाडीच्या जुन्या वाड्यांत-इमारतींत रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. तो रंग जागेवर चिकटून आहे तोवर फारसा त्रास नाही. पॉलिश पेपरने घासला की धूळ उडते आणि ती धूळच घात करते. बाळ येणार म्हणून सातव्या महिन्यात घर रंगवायला काढायची आपली पद्धत इथे उलटते. रंगकाम अगदी टळत नसेल तर:

- खरवडणं सुरू असेपर्यंत आणि नंतर दोन-तीन दिवस माहेरी किंवा नातेवाइकांकडे राहा.
- रंगाऱ्याला कोरडं घासू देऊ नका, पृष्ठभाग ओला करून खरवडायला सांगा.
- काम झाल्यावर झाडू मारायचा नाही. ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यायचं आणि ते फडकं टाकून द्यायचं.
- ऑइल पेंट आणि थिनर टाळा, पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग निवडा.

दुसरी जागा शेंदूर. मारुतीला फासतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाच्या ऑक्साइडची भुकटी असते. देवळात जायला हरकत नाही, पण बोट लागलं तर हात धुतल्याशिवाय प्रसाद खाऊ नका. भांगात भरायचं असेल तर हळद-चुन्याचं घरगुती कुंकू किंवा टिकली बरी. डोळ्यांत घालायच्या सुरम्यातही शिसं असतं, तो पूर्ण बंद. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून शिशाचा रंग मिसळण्याची भेसळ होते. म्हणून सुट्ट्या भडक हळदीपेक्षा साधी, मळकट दिसणारी हळकुंडं आणून दळून घ्या.

तिसरी जागा सांगताना मला नीट शब्द वापरायला हवेत, कारण आयुर्वेदावर माझा राग नाही आणि डिंकाचे लाडू मीही खाल्ले आहेत. पण रसौषधी वेगळ्या. नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म. रससिंदूर आणि मकरध्वज यांत पारा असतो. गर्भ टिकावा म्हणून दिल्या जाणाऱ्या 'गर्भपाल रस' या पारंपरिक औषधाच्या पाठातच हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, आणि नागभस्म आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या सहा गर्भवतींच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं होतं. तेव्हा कुणी कितीही विश्वासाने दिलं असलं तरी डबीवरचे घटक वाचा. भस्म, रस, हिंगूळ, पारद यांपैकी काही असेल किंवा डबीवर काहीच लिहिलेलं नसेल, तर ते तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. आधीच घेतलं असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक आलं, तर ते कुठून येतंय ते शोधून बंद करायलाच हवं.

चौथी जागा नवऱ्याचे कपडे. बॅटरी दुरुस्ती, भंगार, वेल्डिंग, रंगकाम, छपाई यांपैकी काही काम असेल तर त्याने कामावरच कपडे बदलावेत, बूट दाराबाहेर ठेवावेत, आंघोळ करूनच जवळ यावं आणि ते कपडे वेगळे धुवावेत. ते तुम्ही झटकू नका.

तिसरी पायरी: बाहेरची हवा

ही पायरी तिसरी आहे, कारण इथे आपल्या हातात कमी आहे. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांना ती सोडताही येत नाही. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाइतके बारीक कण. ते फुप्फुसातून रक्तात जातात आणि कमी वजन, मुदतीआधी प्रसूती यांचा धोका वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्यांची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर सुचवली. आपल्या देशाचं मानक ४० आहे. म्हणजे हवा कागदावर नियमात बसली तरी ती स्वच्छ असते असं नाही.

मोबाइलवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप घ्या आणि घराजवळचं केंद्र बघायची सवय लावा. त्यातला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) १०० पर्यंत असेल तर निवांत फिरा. २०० च्या वर गेला तर बाहेरचं चालणं बंद, घरातच चाला. ३०० च्या वर असताना बाहेर पडावंच लागलं तर एन-९५ मास्क लावा, कापडाचा रुमाल या कणांना अडवत नाही. दम लागला तर तो काढून थोडं थांबा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे वाईट महिने. थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नाही, धूर खालीच अडकतो आणि पहाटे तो सर्वात दाट असतो. म्हणून "पहाटेची शुद्ध हवा" हा सल्ला या चार महिन्यांपुरता बाजूला ठेवा. ऊन वर आल्यावर, अकराच्या पुढे किंवा दुपारी चारच्या सुमारास चाला. जागाही बदला. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर, मुंब्रा-शिळफाट्याच्या ट्रकच्या रांगेशेजारी किंवा सायन-पनवेल महामार्गाच्या कडेने चालण्यापेक्षा दोन गल्ल्या आत गेलात तरी फरक पडतो. मोठ्या रस्त्यापासून शे-दीडशे मीटरवर गाड्यांचा धूर बराच विरळ झालेला असतो. रस्त्याकडच्या खिडक्या वर्दळीच्या वेळी बंद ठेवा, दुपारी उघडा. घर झाडण्यापेक्षा ओल्या पोच्याने पुसा. समोर बांधकाम चालू असेल तर तिकडच्या खिडकीला ओली जाड चादर लावा.

रात्री उशिरा येणारा उग्र वास ही वाशी-कोपरखैरणेकरांची जुनी तक्रार. माझ्या दुसऱ्या वेळी आठव्या महिन्यात एका रात्री असाच घसा खवखवणारा वास आला आणि मी घाबरून गॅलरीत जाऊन बघत उभी राहिले. तसं करायचं नाही. सगळी दारं-खिडक्या बंद करा, एसी आणि एक्झॉस्ट बंद करा, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा आणि रस्त्यापासून सर्वात आतल्या खोलीत बसा. डोळे-घसा जास्त झोंबला, खोकला थांबेना किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर वाट न बघता रुग्णालयात. बाहेर निघायची सूचना आली तर वाऱ्याला आडवं चाला, वाऱ्याच्या दिशेने नाही. क्लोरीनसारखे वायू हवेपेक्षा जड असतात, ते खाली साचतात, त्यामुळे तळमजल्यावर किंवा पार्किंगमध्ये जमू नका. ११२ हा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा, रुग्णवाहिकेसाठी १०८. दुसऱ्या दिवशी वेळ, ठिकाण आणि वास कशासारखा होता ते लिहून महानगरपालिकेकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. लेखी नोंद राहिली तरच पुढे काही हलतं.

चौथी पायरी: पाणी आणि पावसाळा

नवी मुंबईला स्वतःच्या मालकीच्या मोरबे धरणाचं शुद्ध केलेलं पाणी मिळतं. पण ते तुमच्या पेल्यात येण्याआधी सोसायटीच्या दोन टाक्यांतून येतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, टाकी शेवटची कधी धुतली? सहा महिन्यांहून जास्त झाले असतील तर पावसाआधी धुवून घ्यायला लावा. गळक्या पाइपमधून गटाराचं पाणी मिसळलं की कावीळ येते आणि त्यातली हिपॅटायटिस ई ही साध्या माणसाला आठ-पंधरा दिवस आजारी पाडणारी कावीळ गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. जून ते सप्टेंबर फिल्टर असला तरी पाणी खळखळून उकळा, उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट. बाहेरची पाणीपुरी, उसाच्या रसातला बर्फ, कापून ठेवलेली फळं एवढ्या महिन्यांपुरती नकोत. लघवी गडद पिवळी झाली, अन्नावरची वासना गेली, तर झाडपाल्याचं औषध आणि मंत्र यांत एक दिवसही घालवू नका.

तुंबलेल्या पाण्यात चालायचं नाही. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर दर पावसात भरतो हे सगळ्यांना माहीत आहे. अशा पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू येतो आणि पायाच्या बारीक चिरेतूनही शरीरात शिरतो. चालावंच लागलं तर गमबूट घाला, घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पाण्यातून गेलेल्यांना वाटतात ती डॉक्सिसायक्लिनची गोळी गर्भवतीसाठी नाही. तिच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध देतात.

डासांचं कॉइलच्या निमित्ताने वर आलंच. झिका विषाणूचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात कितीतरी गर्भवतींना त्याची लागण झाली. हा विषाणू बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो. तो पसरवणारा डास डेंग्यूचाच, दिवसा चावणारा. त्यामुळे दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी. ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय काही घेऊ नका आणि मलेरिया, डेंग्यूची तपासणी त्याच दिवशी करा.

पाचवी पायरी: मासळी

आगरी-कोळी घरांत नऊ महिने मासे बंद करा म्हणणं चुकीचं आहे. बाळाच्या मेंदूला मासळी हवी असते. प्रश्न फक्त पाऱ्याचा. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून लोकांच्या पोटात गेला. १९५६ मध्ये तो आजार उघडकीला आला, तेव्हा कितीतरी आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता आणि बाळं मात्र मेंदूची कायमची इजा घेऊन जन्मली होती. छोटा मासा मोठ्याच्या पोटात, तो आणखी मोठ्याच्या पोटात, असा पारा साचत जातो. म्हणून मोठा, शिकारी, जास्त वर्षं जगणारा मासा टाळायचा: मोरी, कुपा, तलवार मासा. मोठ्या सुरमईचाही मोह आवरा. तिच्या जातकुळीतली किंग मॅकरेल अमेरिकेत गर्भवतींनी टाळायच्या यादीत आहे.

दिवाळे गावाच्या किंवा ठाण्याच्या बाजारातून आणायचं ते लहान: मांदेली, तारली, बांगडा, ताजे बोंबील, करंदी. आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण अडीचशे ते तीनशे ग्रॅम, पूर्ण शिजवून. खाडीतली कालवं, तिसऱ्या, खुबे मात्र या दिवसांत नकोत. ते पाणी गाळून जगतात आणि ठाणे खाडीच्या गाळात कारखान्यांतले जड धातू आणि शहराचा मैला वर्षानुवर्षं बसलेला आहे.

जाता जाता आंब्याचं. हंगामात एपीएमसीच्या बाजारात कार्बाइडने पिकवलेला आंबा येऊ शकतो. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. कच्चा आंबा आणून पेंढ्यात पिकवा. तयार आणलात तर पाण्यात भिजवून, धुवून, साल काढूनच खा.

सहावी पायरी: उन्हाळा

आपल्याकडे पारा चाळिशीच्या आत असला तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग आतून तापतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली, त्या दिवशीही तापमान चाळिशीच्या आतच होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत आईच्या अंगाचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर मणक्याच्या व्यंगाचा धोका वाढतो, पुढे मुदतीआधी कळा येण्याचा. मार्च ते जून दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. पत्र्याच्या घरात राहत असाल तर ते चार तास शेजारच्या पक्क्या घरात काढा, यात संकोच कसला. तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, कोकम सरबत घ्या. घाम थांबला, बोलणं अडखळलं, तर तो थकवा नाही, रुग्णालयाची वेळ आहे.

सातवी पायरी: कामाची जागा

मी सातव्या आठवड्यात होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत रोज डायमिथाइल फॉर्मामाइड हे द्रावक वापरलं जायचं. मी वरिष्ठांना सांगितलं. उत्तर आलं, "हातमोजे घाल, इतक्या जणींची बाळंतपणं झाली इथे." मला ते लागलं, अजूनही आठवलं की लागतं. त्या रात्री मी त्याचं सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, काढून वाचलं. त्यात एच ३६० हा संकेत होता, म्हणजे गर्भाला इजा करू शकणारा पदार्थ. दुसऱ्या दिवशी तो कागद, डॉक्टरांची चिठ्ठी आणि माझं साधं चार ओळींचं पत्र जोडून दिलं, पोच घेतली. आठवड्याभरात मला नोंदींच्या टेबलावर हलवलं.

तुम्हीही हेच करा. प्रत्येक रसायनाचं डेटा शीट मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्या शीटच्या दुसऱ्या विभागात एच ३६० किंवा एच ३६१ (इजेचा संशय असलेला पदार्थ) दिसतंय का बघा. बाटलीवर छातीवर चांदणी असलेल्या माणसाचं चित्र ही त्याचीच खूण असू शकते. टोल्युइन, एन-मिथाइल पायरोलिडोन, शिसं आणि पाऱ्याची संयुगं ही अशा यादीतली वरचीच नावं. दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरांनी केमोथेरपीची औषधं मिसळणं आणि एक्स-रेच्या खोलीत थांबणं सोडावं. पार्लरमध्ये केस सरळ करायच्या केराटिनच्या उपचारातून फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू निघतो, ते काम दुसरीला द्या. प्रसूतीआधीच्या ठराविक काळात गर्भवतीने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही आणि हलकं काम दिलं म्हणून पगारही कापता येत नाही. हे तोंडी न मागता लिहूनच मागा.

राहिलेल्या गोष्टी, थोडक्यात

वायफाय, मोबाइलचा टॉवर, मायक्रोवेव्ह यांनी गर्भाला इजा होते असा पुरावा नाही. ग्रहणाने तर मुळीच होत नाही, उलट तासन्‌तास पाण्यावाचून बसण्याने होतो तो त्रास खरा. दाताचा किंवा छातीचा एक्स-रे गरजेचा असेल तर गरोदर असल्याचं सांगून काढता येतो, त्यातलं रेडिएशन अगदी कमी असतं. पोटाच्या सीटी स्कॅनबद्दल मात्र डॉक्टरांशी नीट बोला. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहू नका. विसाव्या आठवड्यानंतर बाळाचे कान तयार होत असतात आणि पोटावर हात ठेवल्याने आवाज अडत नाही.

गोरेपणाची सुटी क्रीमं आजच फेका, त्यात पारा सापडतो. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन निघतो. पेस्ट कंट्रोलची फवारणी नको, झुरळांसाठी कोपऱ्यात लावायची जेल चालते. मांजरीची घाण आणि कुंडीतली माती हातमोज्यांशिवाय हाताळू नका.

आणि कपाटातल्या डांबरगोळ्या. मोठ्या जावेच्या मुलांची झबली-दुपटी वर्षानुवर्षं त्यांत ठेवलेली असतात आणि प्रेमाने नव्या बाळासाठी काढली जातात. नॅप्थलीनने काही नवजात बाळांच्या लाल पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. ते कपडे दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नका.

आठव्या महिन्यात घरच्यांशी एक बोलणं

बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, वर ओवा-बाळंतशेपाची धुरी आणि वारा लागू नये म्हणून खिडक्या गच्च बंद. ही माया आहे हे मला माहीत आहे, माझ्या आईनेही हेच मांडलं होतं. पण बंद खोलीतले निखारे तोच वायू सोडतात जो जावेच्या बाथरूममध्ये होता आणि इथे शेजारी चार दिवसांचं बाळ झोपलेलं असतं. आईला मी म्हटलं, शेक दे, पण गरम पाण्याच्या पिशवीने. धुरी दुसऱ्या खोलीत कर, आणि ती खिडकी चार बोटं उघडी राहू दे. ती आधी रुसली, मग स्वतःच रोज सकाळी खिडकी उघडायला लागली. बाळंतपण झाल्यावर अंगात त्राण नसतं आणि वडीलधाऱ्यांशी बोलायला नको वाटतं. म्हणून आठव्या महिन्यात, सगळे चहाला बसलेले असताना, हे ठरवून टाका.